दोन सूत कमी

माझ्या मुलीच्या बारशाला शेजारच्या नाना आंबेकरांनी पेढ्याची जाडी मोजली. नुसत्या नजरेने नव्हे. शर्टाच्या खिशातून व्हर्नियर काढला, पेढा त्याच्या दोन जबड्यांत धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि भर पाहुण्यांत निकाल दिला, "एक सूत कमी हाय. हलवायानं फसवलं तुला." पेढे माझ्या सासऱ्यांनी आणले होते. तेव्हापासून ते आमच्याकडे यायचे म्हटले की आधी फोन करून शेजारी घरात आहेत का ते विचारतात.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मिस्त्री लोकांचं हे माप आता मागे पडलं, नानांच्या तोंडातून मात्र गेलं नाही. त्यांची सगळी हयात जालन्यातल्या एका लोखंडाच्या मिलमध्ये लेथवर गेली. निवृत्तीच्या दिवशी मिलने शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. नानांनी घरी आल्याबरोबर ते घड्याळ उघडलं, कारण काटा मधोमध बसलेला नव्हता. शाल मोजली की नाही ते मला माहीत नाही, पण मोजली असणार.

जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचे दोनच शेरे. पसंत पडली तर "बराबर हाय", नाही तर "बसत न्हाई". पहिला शेरा मी पंधरा वर्षांच्या शेजारात तीन-चारदा ऐकला असेल. सरकार बसत नाही, हवामान बसत नाही, काकूंची भाकरी एका अंगाने जाड म्हणून बसत नाही, माझी मिशी डावीकडे उतरलेली म्हणून बसत नाही. मी नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात काम करतो. शंभर बिया ओल्या कागदात ठेवायच्या आणि किती उगवल्या ते लिहायचं, असं माझं काम. त्यावर नानांचं मत, "शंभरातले पंधरा न्हाई उगवले तरी तुमचं चालतं? मंग तू मोजतो कशाला?" याला मी आजवर उत्तर देऊ शकलेलो नाही.

काकूंना मात्र उत्तरं येतात. "मला पाहायला आल्ते तवा ह्यांनी दाराच्या चौकटीवर खूण करून माझी उंची मोजली," त्या एकदा माझ्या बायकोला सांगत होत्या. "चाळीस वर्षं झाली बाई. निकाल अजून सांगितला न्हाई."

नानांचा आणखी एक नियम होता आणि तो तुम्हाला सांगणं भाग आहे. लोखंडावर अक्षर उमटवायचे पोलादी ठप्पे असतात, हातोड्याने ठोकायचे, इंग्रजी अक्षरांचे. नाना जे काही बनवत त्याच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला आपला 'डी' ठोकत. डी म्हणजे दिगंबर. लोकांना वाटे, ही हौस. नाना म्हणत, "हौस कशाची? चूक निघाली तर धरायचं कुणाला ते कळाया पाह्यजे." आमच्या फाटकाच्या बिजागरीवर डी आहे, काकूंच्या कुकरच्या दांड्यावर डी आहे.

एकदा मी त्यांच्याकडून भिंतीतल्या फळीसाठी लोखंडी ब्रॅकेट करून घेतला. माप मी दिलं होतं. त्यांनी मुकाट्याने केला, बसवायला गेलो तर फळी उताराला. उलटा करून पाहिलं, तर त्यावर डी नव्हता, व्ही होता. व्ही म्हणजे वसंत, म्हणजे मी.

"नाना, हे तुम्ही केलंय ना?"

"लोखंड मी कापलं. माप तुझं. ज्याचं माप त्याचा ठप्पा."

"माप चुकलंय हे दिसत होतं तर सांगायचं!"

"तू विचारलं का?"

ती फळी अजून आमच्या भिंतीवर आहे. तिच्यावर गोल वस्तू ठेवता येत नाही.

निवृत्तीनंतर माणसं देवाला लागतात, नाहीतर शेअर बाजाराला. नाना इंजिनाला लागले. त्यांचे वडील मीटरगेजच्या गाडीवर फायरमन होते. मीटरगेज गेलं, वडील गेले, आणि नानांनी परसात पत्र्याची शेड ठोकून वाफेचं इंजिन करायला घेतलं. त्याला खेळणं म्हणू नका. मी एकदा म्हणालो आणि दोन महिने आमच्या घरातलं काहीही दुरुस्त झालं नाही. पाच फूट लांब, सात इंच रुंदीच्या रुळांवर चालणारं, खरा कोळसा खाणारं आणि मागच्या ट्रॉलीवर माणूस बसवून ओढणारं इंजिन होतं ते. नट-बोल्टांपासून शिट्टीपर्यंत सगळं हाताने करायचं.

रूळ घालायला नानांचं परस बारा फूट अपुरं पडलं. ते बारा फूट माझ्या परसातून घेण्यात आले. मधली भिंत फोडली, माझा कढीपत्ता उपटला. सरकार जमीन घेतं तेव्हा निदान नोटीस तरी देतं. मी तक्रार केली तर म्हणाले, "कढीपत्ता मंडईत भेटतो. बारा फूट कुठं भेटतंय?"

आता श्रीकांतकडे येतो. टाळत होतो, पण आलं पाहिजे.

श्रीकांत हा नानांचा एकुलता एक मुलगा. इंजिनिअर झाला, नोकरी शोधत होता, आणि रविवारी वडिलांच्या शेडमध्ये राबत होता. पोरगा शांत. बापाकडे पाहून हात चालवायचा, बापाकडे पाहूनच थांबायचा. इंजिनाची सहा मोठी चाकं ओतकामातून कच्ची घडून आली होती. ती लेथवर चढवून मापात आणायची होती. पहिलं चाक नानांनी श्रीकांतला दिलं. नाना आपल्या लेथला दुसऱ्याचा हात लागू देत नसत, तेव्हा हे देणं किती मोठं ते ओळखा.

तीन रविवार त्याने ते चाक केलं. चौथ्या रविवारी दाखवायला घेतलं तेव्हा शेडमध्ये मी होतो आणि मिलमधले नानांचे दोन जुने फिटर चहाला आले होते. चाक आरशासारखं चकाकत होतं. श्रीकांतने आतल्या बाजूला स्वतःचा एस ठोकला होता. नानांनी मोठा व्हर्नियर लावला, परत लावला, आणि भिंतीवरच्या इंजिनाच्या नकाशाकडे पाहिलं.

रेल्वेच्या चाकाला रुळावर टेकणारा भाग असतो आणि त्याच्या आतल्या अंगाला, घसरू नये म्हणून, एक उंच कड असते. नकाशात नऊ इंच लिहिलं होतं ते टेकण्याच्या भागाचं. श्रीकांतने ते कडेचं धरलं. कड सगळीकडून एक सूत उंच, म्हणजे टेकण्याचा भाग दोन सूत कमी भरला. चूक हाताची नव्हती, वाचण्याची होती. पण लोखंड एकदा कापलं की परत चिकटत नाही.

"दोन सूत कमी," नाना म्हणाले. इथे थांबले असते तर मला हे लिहायची वेळ आली नसती. ते फिटरांकडे वळून म्हणाले, "ह्याच्या इंजिनिअरिंगच्या फीमधी मी म्हैस घेतली असती, तर तिनं तरी मापात दूध देल्लं असतं."

फिटर हसले. मीही हसलो. खरं सांगायचं तर सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो, कारण त्या दिवशी पहिल्यांदा मापात न बसणारा माणूस मी नव्हतो.

नानांनी चाक उचललं आणि भंगाराच्या पिंपात टाकलं. तो आवाज मला अजून आठवतो. श्रीकांतने चिंधीने हात पुसले, चिंधीची घडी घालून लेथवर ठेवली आणि घरात गेला. महिन्याभरात त्याला पुण्याला नोकरी लागली. गाड्यांचे भाग करणाऱ्या कारखान्यात, तपासणी खात्यात. लोकांनी केलेले भाग मोजायचे आणि चुकलेले बाजूला काढायचे. हे कळल्यावर काकू मोठ्याने रडल्या.

याला दहा वर्षं झाली. तो वर्षातून एकदा येतो, सकाळी उतरतो, संध्याकाळच्या गाडीने जातो. शेडमध्ये पाऊल टाकत नाही. बापलेकांचं बोलणं माझ्यामार्फत चालतं. दोन डब्यांच्या मध्ये बफर असतो ना, धक्के खायला, ते माझं काम. "वसंतकाका, नानांना म्हणावं गोळ्या घेत जा." "वसंता, त्याला म्हणाव, मी घेऊन राह्यलो." आणि हे दोघं तेव्हा एकाच घरात, मधे फक्त एक पडदा.

इंजिन मात्र होत राहिलं, आणि इतकं हळू की माझा जीव विटला. कारण कुठलाच तयार भाग त्याला बसायचा नाही. पुण्यात असली छोटी इंजिनं करणारा एक गृहस्थ आहे. कंपनीच्या कामाला गेलो तेव्हा मी त्याच्याकडून नऊ इंची चाकांना लागणारे ब्रेकचे ठोकळे आणले. नानांनी लावून पाहिले आणि शेरा दिला, "बसत न्हाई. त्याचं माप चुकलंय." मी त्या भल्या माणसाला फोनवर नाही नाही ते बोललो. तो शेवटपर्यंत एकच म्हणत होता, "साहेब, एकदा तुमचं चाक मोजून बघा हो." मी म्हणालो, "आमच्या नानांचं चाक? तुम्ही नानांना ओळखत नाही." नानांनी ते ठोकळे कपाटात टाकले आणि सहाही ठोकळे स्वतः घडवले. त्यात एक पावसाळा गेला. मग ट्रॉलीचा अडकवायचा आकडा इंजिनाच्या आकड्याला लागेना, एक सूत वर राही. नानांनी इंजिनाला हात न लावता आख्खी ट्रॉली नव्याने केली. मग पायऱ्या, मग चाकांना जोडणारे दांडे. नकाशा भिंतीवर एक सांगायचा आणि नाना खाली भलतंच कापायचे. मी मनात म्हणत असे, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. बायकोजवळ तर उघडच म्हणत असे.

गेल्या वर्षी नानांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन करा म्हटलं तर म्हणाले, "डॉक्टरचा हात कापतो, मी पाह्यलंय. आधी इंजिन." मग व्हर्नियर वाचायचं काम माझ्याकडे आलं. ऑफिसातून आलो की शेडमध्ये उभं राहायचं, नाना लावतील ते माप वाचायचं आणि शिव्या खायच्या.

असंच एकदा, नाना कोळसा फोडत बाहेर बसले होते, आणि मला आपली नवी विद्या वापरायची खुमखुमी आली. मोठा व्हर्नियर घेतला, इंजिनाच्या चाकाला लावला. पावणेनऊ. पुन्हा लावला. पावणेनऊ. दुसरं चाक, पावणेनऊ. सहाच्या सहा पावणेनऊ. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पंधरा वर्षांचा हिशेब चुकता करायची संधी होती. मी ओरडलोच, "नाना! सगळी चाकं दोन सूत कमी! एक नाही, सहाच्या सहा!"

नाना आले नाहीत. हातोडीचा आवाज थांबला.

दोन सूत हा शब्द माझ्या तोंडून निघाला आणि मग माझ्या कानांनी तो ऐकला. मी वाकलो. चाकांच्या आतल्या बाजूला बॅटरीचा उजेड टाकला. डी. डी. डी. पलीकडून डी, डी. आणि उजवीकडच्या मधल्या चाकावर एस.

नाना दारात उभे होते, हात कोळशाने काळे.

"हे पिंपातून काढलं तुम्ही?"

"त्याच दिवशी. तू घरी गेल्ता तवा."

"अहो, पण मग नवीन ओतून आणायचं एक चाक! काय खर्च आला असता असा? त्याच्यासाठी बाकीची पाच चांगली चाकं कमी केली? ब्रेक, ट्रॉली, दांडे…"

"जोडलेली चाकं एका मापाची पाह्यजेत," नाना म्हणाले, जणू मी शिकाऊ होतो. "न्हाई तर इंजिन स्वताशीच भांडतं. चालत न्हाई. त्याचं वाढवता येत न्हवतं. मंग बाकीचे कमी केले."

मी खाली बसलो. दहा वर्षं मी ज्याला खुळचटपणा म्हणत आलो होतो तो हा होता. शिवाय त्या पुण्याच्या माणसाची मी अजून माफी मागितलेली नव्हती. पण सगळ्यांत आधी मला राग आला.

"हे त्याला सांगितलं का कधी?"

"न्हाई."

"कामून?" रागात माझ्याही तोंडून जालन्याचीच भाषा आली.

"चार मान्सांत त्याला वाईट बोल्लो. आता एकट्यात धरून चांगलं बोलू? हे बसत न्हाई." मग हातांवरचा कोळसा पुसत म्हणाले, "इंजिन चालंल त्या दिवशी बोलतो. त्याच चार मान्सांसमोर. तू मधी तोंड घालायचं न्हाई बिलकुल. काकूची शपथ हाय तुला."

मी शपथ घेतली. माणूस कधीकधी किती मूर्खपणा करतो.

इंजिन पौष महिन्यात तयार झालं. नानांनी ते दोन फिटर बोलावले. एक काठी टेकत आला, दुसऱ्याला आता ऐकू कमी येतं. श्रीकांतला फोन मी केला. निरोप असा होता, "यायचं तर ये म्हणाव. जबरदस्ती न्हाई." मी तो असा दिला की, ये बाबा, यावंच लागेल, तुझ्या हातापाया पडतो. तो आला. दहा वर्षांनी शेडच्या दारात उभा राहिला, चपला बाहेर काढून. शेडमध्ये कुणी चपला काढत नाही.

नानांनी धुतलेला सदरा घातला होता. खिशात व्हर्नियर होताच. त्यांनी जाळ केला, वाफ धरली आणि ट्रॉलीकडे बोट करून म्हणाले, "श्री, तू बस." दहा वर्षांत मुलाशी थेट बोललेलं हे पहिलं वाक्य. श्रीकांत बसला. नाना पुढे बसले, दांडा ओढला. इंजिन एकदा हादरलं, फुसफुसलं आणि निघालं. नानांच्या परसातून निघून, फोडलेल्या भिंतीतून, माझ्या गेलेल्या कढीपत्त्यावरून शेवटपर्यंत गेलं आणि उलटं परत आलं. एकदाही अडलं नाही. शिट्टी वाजली तशा काकू पदराने तोंड झाकून आत पळाल्या. मी मोठा माणूस, पण मलाही नाक पुसावं लागलं.

चहा आला. आम्ही सगळे उभे. नानांनी घसा साफ केला. काकू दारात येऊन थांबल्या, त्यांना माहीत असावं. नाना म्हणाले, "ते चाक…"

आणि श्रीकांत हसत म्हणाला, "हां नाना! ते तवा भंगारात टाकलं तेच बराबर केलं तुम्ही. माझं चाक लावलं असतं तर हे चाललंच नसतं." मग तो फिटरांकडे वळला, "मी आता पोरांचे पार्ट रिजेक्ट करतो ना, तवा म्हशीची गोष्ट सांगतो त्यांना. लई हसतात." आणि तो खरोखर हसला, मोकळा. फिटरही हसले, ऐकू न येणारा जरा उशिराने हसला. मी हसलो नाही.

नाना त्याच्याकडे पाहत राहिले. तोंड उघडं होतं. मी मनात ओरडत होतो, बोला, आता बोला. ते म्हणाले, "चहा घ्या. थंड होऊन राह्यला."

संध्याकाळच्या गाडीने श्रीकांत गेला. जाताना त्याने इंजिनाच्या पाठीवर थाप मारली, चाकांकडे काही पाहिलं नाही. ऑटोत बसवून मी परत आलो तो तणतणतच. नाना इंजिनाजवळ पोत्यावर बसले होते.

"काय केलं हो हे तुम्ही? तोंडाशी आलेलं! एक वाक्य तर बोलायचं होतं!"

"हसला तो," नाना म्हणाले. "ह्या शेडमधी दहा वर्षांनी हसला. मधी कसं तोडू? त्याचं चाक, माझी चूक, सांगता सांगता मी रडू लागलो असतो, मंग त्यानं जायचं कसं, गाडी होती त्याची." मग म्हणाले, "ठप्पे दे इकडं. अन् बॅटरी धर. मला दिसत न्हाई बराबर."

तयार झालेल्या इंजिनावर ठप्पा राहिला होता. मी पेटी पुढे केली आणि सवयीने डी काढून दिला. त्यांनी बोटांनी चाचपून तो परत ठेवला, आणि चाचपतच दुसरा उचलला. इंजिनाच्या सांगाड्यावर, आतून, जिथे कुणी कधी पाहणार नाही अशा जागी टेकवला.

"नाना, चाक त्याचं आहे. इंजिन तर तुम्ही केलंय."

"लोखंड मी कापलं," ते म्हणाले आणि हातोडा मारला. मग अंगठ्याने ते अक्षर पुसलं, बराच वेळ पुसलं.

"सरळ आला का रे?"

मी वाकून पाहिलं. एस एका बाजूला कलला होता. खोटं बोलावं असं वाटलं, पण नानांशी मापाच्या बाबतीत खोटं बोलायची सवय मला नव्हती.

"एक सूत तिरका आलाय."

"राहू दे," नाना म्हणाले. "बराबर हाय."